बिघाड व्हीलमध्ये नव्हता: भाच्याच्या ड्रिफ्टचं प्रकरण

भाचा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दीड वर्ष तो गेमपॅडवर फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांचा गेम खेळत होता आणि त्यातल्या मेक्सिकोच्या नकाशावर बहुतेक ड्रिफ्ट झोनमध्ये त्याने तीनपैकी तीन स्टार काढले होते. दिवाळीला हातात पैसे आले तसं त्याने एक सेकंडहँड स्टेअरिंग व्हील आणि तीन पेडल्सचा संच घेतला, असेटो कोर्सा हा खऱ्या गाडीच्या जवळ जाणारा गेम डाउनलोड केला आणि पहिल्याच रात्री मला फोन लावला. "मामा, फसलो. व्हील बिघडलेलं दिलंय. गाडी नुसती गोल फिरते."

व्हील ठणठणीत होतं. हे कळायला मात्र तीन आठवडे गेले आणि ते तीन आठवडे वाया घालवण्यात त्याच्याइतकाच माझाही हात होता. मी चाकणला सस्पेन्शनच्या टेस्टिंगमध्ये काम करतो. गाडी घसरते म्हटलं की माझं डोकं आधी स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि टायरच्या हवेकडे धावतं. माणसाकडे शेवटी.

मुळात हे काय आहे

ड्रिफ्ट म्हणजे मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवायची आणि गाडी आडवी झालेली असतानाच वळणातून पुढे न्यायची. गाडीचं तोंड वळणाच्या आत, पुढची चाकं त्याच्या उलट, आणि गाडी जाते मात्र रस्ता जातो तिकडे. जपानमध्ये सत्तरच्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा रेसर निसान स्कायलाइन वळणांत अशी आडवी घालायचा. हा माणूस मुळात मोटरसायकलवाला. १९६१ मध्ये ग्रां प्री जिंकणारा पहिला जपानी रायडर. त्याचं बघून केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर तसंच करू लागला आणि पुढे त्यालाच 'ड्रिफ्ट किंग' म्हणू लागले. त्याची गाडी टोयोटा एई८६. १६०० सीसीचं इंजिन, वजन हजार किलोच्या आत, ताकद मागच्या चाकांना. गंमत म्हणजे १९९५ च्या ल मां शर्यतीत हे गुरुशिष्य एकाच होंडा एनएसएक्समध्ये होते आणि त्यांनी आपला वर्ग जिंकला.

जपानी लोक त्या रस्त्यांना 'तोगे' म्हणतात. आपला घाटच. हे ऐकल्यावर भाच्याने लगेच "ताम्हिणी?" असं विचारलं होतं आणि त्याला मिळायचं ते उत्तर मिळालं. तसंही घरची गाडी स्विफ्ट आहे, तिला पुढची चाकं ओढतात. पावसात जास्त वेगाने वळवली तर तिचं नाक बाहेर जातं, ती सरळ पळते. मागचा भाग सुटून पुढे येऊ बघतोय असा अनुभव तिच्यात सहसा येतच नाही. चिखलात बोलेरो चालवलेल्या माणसाला तो असतो. भाच्याच्या अंगात घसरण्याची एकच आठवण होती, खडीवर स्कूटर घसरल्याची. तेव्हा माणूस काय करतो? हँडल घट्ट धरतो आणि अंग आवळतो. ही स्कूटर पुढे फार नडली.

माझी निदानं

पहिल्या आठवड्यात तो बीएमडब्ल्यू एम३ ई९२ ची ड्रिफ्ट आवृत्ती घेऊन बसला होता. चार लिटरचं व्ही८ इंजिन. मी म्हटलं, शिकाऊ माणसाला एवढी ताकद कशाला? पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घे, १६०० सीसीवाली. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि सगळे तो देतात. आमच्याकडे तो साफ फसला. कमी ताकदीच्या गाडीत मागची चाकं नुसत्या गॅसवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर, सुटत नाहीत. आधी वेग, मग वजनाची ढकल, मग क्लच असं सगळं वेळेवर जुळावं लागतं. आधी गाडी गोल फिरत होती, आता ती हँडब्रेकवर अर्धी वळायची आणि तिथेच बसून राहायची. शेवटी मधली वाट म्हणून एम३ ई३० ची ड्रिफ्ट आवृत्ती घेतली आणि ती मात्र बरोबर ठरली.

मग मी सेटअपमध्ये शिरलो. मागच्या टायरची हवा, पुढच्या चाकांचा उभा कल (कॅम्बर), त्यांची तोंडं किती आत-बाहेर (टो), मागची दोन चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शियल किती लॉक होतं, सगळं एक्सेलमध्ये मांडलं. दोन शनिवार गेले. भाचा बिचारा दर बदलानंतर दहा वेळा गाडी फिरवून दाखवायचा आणि मी आकडे लिहायचो. खरं सांगायचं तर मला मजा येत होती, त्याला येत नव्हती.

मधल्या काळात एक खरा दोष सापडला. तो हॉलमधल्या टीव्हीवर खेळत होता आणि टीव्ही चित्र सुंदर करून दाखवण्याच्या नादात ते उशिरा दाखवत होता. गेम मोड चालू केला, पुढे मॉनिटरच आणला. फरक पडला, पण गाडी आता वेळेवर गोल फिरू लागली एवढाच.

सगळ्यात मोठी चूक यानंतरची. व्हील "ढिलं वाटतं" असं तो म्हणाला म्हणून मी फोर्स फीडबॅक वाढवला, म्हणजे गाडीची चाकं जे सांगतात ते मोटर हाताला ज्या जोराने पोचवते तो जोर. व्हील जड झालं. जड झालं म्हणून त्याने आणखी घट्ट धरलं. इथे मी रोगाला खुराक देत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

फोनवरचा व्हिडिओ

माझा पुढचा संशय व्हीलच्या मोटरवर होता. ती पुरेशा वेगाने फिरत नसावी. ते मोजायला मी त्याच्या खांद्यामागे फोन लावला आणि स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमने, नुसतं व्हील आणि हात एवढंच रेकॉर्ड केलं. रात्री घरी जाऊन पाहिलं.

गाडी उजवीकडे वळतेय. मागचा भाग सुटतो. त्याच क्षणी व्हीलची कड स्वतःहून डावीकडे निघते, अगदी स्पष्ट, तीन-चार बोटं सरकते. आणि थांबते. थांबते कारण त्याचे दोन्ही अंगठे व्हीलच्या दांड्यांना आतून आकड्यासारखे अडकवलेले आहेत आणि बोटांची पेरं पांढरी पडलीत. मग बराच वेळ काहीच होत नाही (स्लो मोशनमध्ये बराच, खरा म्हणाल तर अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर) आणि मग त्याला सुचतं की उलटं स्टेअरिंग मारायला हवं. तो जिवाच्या आकांताने व्हील डावीकडे हाणतो. तोवर उशीर झालेला. गाडी गोल.

मी तो तुकडा सात-आठ वेळा पाहिला असेल. मोटर तिचं काम करत होती. ड्रायव्हर तिला करू देत नव्हता.

यामागचं गणित साधं आहे. ऑफिसच्या खुर्चीखालची छोटी चाकं बघा. खुर्ची कुठेही ढकला, चाकं आपोआप त्या दिशेला वळतात. कारण चाक जमिनीला टेकतं ती जागा ते ज्या उभ्या अक्षाभोवती वळतं त्याच्या मागे असते. मोटारीच्या पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्ष वरून थोडा मागे कललेला असतो आणि त्याने तेच साधतं; या कलाला कॅस्टर म्हणतात. गाडी आडवी झाली की पुढची चाकं स्वतःच गाडी खरोखर जिकडे चाललीय तिकडे वळू बघतात. ज्याला सगळे उलटं स्टेअरिंग म्हणून शिकवतात त्यातला बराचसा भाग गाडी फुकट देते. इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीने २०१४ मध्ये आणलेला असेटो कोर्सा अजून ड्रिफ्टवाल्यांच्या कॉम्प्युटरवर टिकून आहे त्याचं एक कारण हेच, की हे बळ तो हातापर्यंत आणून पोचवतो.

पॅडवर यातलं काहीच नसतं. थंबस्टिक दोन सेंटिमीटरभर हलवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेअरिंग, सोडली की मध्ये, आणि मधला खडबडीतपणा गेम घासूनपुसून घेतो. त्यात भाच्याच्या फोर्झातल्या दोन गाड्या मी नंतर उघडून पाहिल्या. दोन्हींमध्ये त्याने इंजिनची ताकद हजार हॉर्सपॉवरच्या आसपास नेली होती आणि ताकद चारही चाकांना दिली होती. तिथे हे सर्रास चालतं, स्टारही मिळतात. पण अशा गाडीत पॅडवरचा गॅसचा ट्रिगर पूर्ण दाबून ठेवला तरी पुढची चाकं तिला ओढून सरळ करत राहतात. म्हणजे दीड वर्षात त्याने जे कमावलं ते गेम मिळवून द्यायचा तेवढंच: वळणातून जायची नेमकी वाट, वेग, वळणाचा अंदाज. हात आणि पाय कोरेच होते. यात त्या गेमचा दोष नाही, तो मजेसाठी आहे आणि त्याने मजा दिली.

हात सोडायचे

पुढच्या शनिवारी मी एक्सेल न घेता गेलो. फीडबॅक होता तसा कमी केला. व्हीलच्या वरच्या मध्यावर लाल इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवली, म्हणजे व्हील कितीही फिरलं तरी सरळ कुठे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. व्हीलची एकूण फिरत ९०० अंशांवरून ५४० वर आणली, पण गेमला ती ९००च आहे असं सांगितलं. थोडं फिरलं तरी गाडीची चाकं जास्त वळावीत म्हणून. आतल्या दातेरी चक्रांवर चालणारी अशी व्हीलं खऱ्या गाडीच्या स्टेअरिंगइतकी झरझर फिरत नाहीत, त्यावर हा उतारा. गेमच्या एका सेटिंग फाइलमध्ये 'गायरो' नावाचा पर्याय असतो, तोही चालू केला. त्याने आडव्या गाडीत व्हील आपसूक फिरणं आणखी सोपं होतं.

ट्रॅक नाही, वळण नाही. एक मोकळं डांबरी पटांगण असलेला मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायची भर, टाकला. ई३०, दुसरा गिअर. उजवीकडे वळ, क्लच किक दे. म्हणजे गॅस न सोडता क्लच क्षणभर दाबून झटक्यात सोडायचा. इंजिन मोकळं होऊन चढतं आणि क्लच लागताच तो धक्का मागच्या चाकांना बसतो, पकड तुटते. त्याच्याकडे हँडब्रेकचा दांडा नव्हता, एक बटण होतं. बटणाला अर्धं ओढणं माहीत नसतं, म्हणून मी ते बंदच करून टाकलं.

"आणि मागचं सुटलं की दोन्ही हात उघड. व्हीलला शिवायचं नाही."

"मामा, मग गाडी कोण चालवणार?"

"पाय."

पहिल्या सहा वेळा त्याने हात उघडले आणि लगेच मिटले. सवयीचं औषध नसतं. सातव्या वेळी मी त्याची मनगटं मागून हलकेच धरून ठेवली. गाडी सुटली, व्हील सर्रकन डावीकडे फिरलं, लाल पट्टी खाली गेली आणि तिथेच थरथरत राहिली. गाडी आडवी. धूर. आणि ती गोल गोल जात राहिली, स्वतःभोवती नाही, एका केंद्राभोवती. दीड फेरी. मग त्याने आनंदाने ओरडताना गॅस सोडला आणि ती उलट्या बाजूला फेकली गेली.

ताई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं टेबल कोसळलं.

पाय

ती फेकली जाणं हा या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि माझ्या मते जास्त अवघड.

टायरच्या पकडीकडे पगारासारखं बघावं. महिन्याला येणार तेवढेच. त्यातले किती पुढे ढकलण्यावर खर्च करायचे आणि किती गाडी बाजूला धरून ठेवण्यावर, हे गॅसचं पेडल ठरवतं. गॅस वाढवला की मागच्या टायरची पकड पुढे ढकलण्यात आणि गरगरण्यात संपते, बाजूचं धरणं सुटतं, कोन वाढतो. गॅस थोडा कमी केला की बाजूची पकड परत येते, कोन मिटतो. पण पूर्ण सोडला की सगळा पगार एकदम खात्यात जमा होतो: मागची चाकं रस्त्याला चिकटतात, पुढची अजून उलटीच वळलेली असतात, आणि गाडी झोक्यासारखी पलीकडे जाते. घाबरून गॅस सोडणं ही सगळ्यात नैसर्गिक गोष्ट आहे आणि ती नेमकी हे करते.

भाच्याचा पाय ट्रिगरवर शिकलेला होता. शून्य किंवा शंभर. त्यात पेडल्स फरशीवर सरकायची, म्हणून तो टाच उचलून पूर्ण पायाने दाबायचा. ताईच्या शिलाई मशीनखालची रबरी मॅट पेडल्सखाली आली (ताईला विचारलं होतं, नंतर), मागे भिंतीला फळी टेकवली. टाच जमिनीवर, हालचाल फक्त चवड्याची.

तरी जमेना. मग लक्षात आलं की याच्या कानात गाणी चालू आहेत. खऱ्या गाडीत मागचं सुटलं की ते बसलेल्या जागी कळतं, सीटमधून, कमरेतून. टेबलासमोर खुर्ची हलत नाही. तिथे शरीराला बातमी देणाऱ्या तीनच गोष्टी: चित्र, व्हील आणि आवाज. आणि तीनपैकी एक याने स्वतः बंद केली होती. गाणी बंद केली. त्याला एकच काम दिलं, कोनाकडे बघू नकोस, इंजिनचा आवाज एका पट्टीत ठेव. वर चढला तर किंचित सोड, खाली आला तर किंचित दे. टायर सतत एका सुरात किंचाळत असले तर ठीक. किंकाळी तुटली तर पकड आली, म्हणजे झोका येतोय.

त्या रात्री सलग दोन फेऱ्या झाल्या. दोन दिवसांनी फोन आला की आता कंटाळा येईपर्यंत फिरता येतं. खालच्या मजल्यावरचे काका मात्र विचारून गेले की रात्री अकराला मिक्सर कोण लावतं. त्या दातेरी चक्रांचा खडखडाट टेबलातून थेट स्लॅबमध्ये उतरत होता. टेबलाच्या पायांखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे गेले.

आठ

गोल जमल्यावर आठ. एका गोलातून दुसऱ्यात जाताना गाडी एका बाजूला आडवी असते ती दुसऱ्या बाजूला आडवी व्हायला हवी, मध्ये सरळ न होता. गॅस क्षणभर सोडायचा, वजन नाकावर येतं, दाबलेल्या बाजूच्या स्प्रिंग मोकळ्या होतात आणि तोच झोका, ज्याने आधी घात केला होता, तो आता कामाला येतो. व्हील या टोकाकडून त्या टोकाकडे स्वतः फिरतं. हात उघडे. मग ते पकडायचं.

पकडायचं कधी, इथे आठवडा गेला. लवकर पकडलं की कोन कमी पडतो, उशिरा पकडलं की गोल. त्याने स्वतःच एक युक्ती काढली जी मला सुचली नसती: व्हील मुठीत पकडायचंच नाही, फिरत्या कडेवर उघडा तळवा टेकवायचा, कुंभार चाकावरच्या मातीला टेकवतो तसा, आणि घर्षणाने त्याला थांबवत आणायचं. आणि तळवा टेकायच्या आधी गॅस परत आलेला हवा. आधी पाय, मग हात. हा क्रम उलटा झाला की गाडी हमखास जाते.

नजरेचाही प्रश्न निघाला. एकाच मॉनिटरवर समोरची काच दिसते आणि आडव्या गाडीची काच वळणाच्या आतल्या झाडाझुडपाकडे बघत असते. जायचं असतं बाजूच्या खिडकीतून दिसणाऱ्या दिशेला. कस्टम शेडर्स पॅच या गेमच्या बाहेरच्या जोडणीतल्या नेक एफएक्सने गाडी जिकडे चाललीय तिकडे ड्रायव्हरची मान आपोआप वळते. ते लावलं, पहिले दोन दिवस त्याला मळमळलं, मग सवय झाली.

सध्या

आता तो ई३० मध्ये आठ काढतो, दहापैकी सात-आठ वेळा. गेममधल्या 'ड्रिफ्ट' नावाच्या छोट्या ट्रॅकवर पूर्ण फेरी आडवी जाते, अधूनमधून एखाद्या वळणात सरळ होते. एमएक्स-५ परत काढली होती. तीही हळूहळू ऐकायला लागलीय, म्हणजे माझा पहिला सल्ला चुकीचा नव्हता, दोन महिने लवकर दिला होता. एई८६ अजून दाद देत नाही. ताईला खेळातलं काही कळत नाही, पण भाजी चिरता चिरता ती "गेली" म्हणते आणि त्यानंतर पाव सेकंदाने गाडी जाते. कान तिचा त्याच्यापेक्षा तयार झालाय.

गेल्या रविवारी मी परत खांद्यामागे फोन लावला. हात मोकळे, अंगठे बाहेर, लाल पट्टी तळव्याखालून सुळकन जाते. बघायला छान वाटतं. पण तोच व्हिडिओ बघताना दुसरं काहीतरी दिसलं. प्रत्येक आठ तो उजव्या गोलापासून सुरू करतो. ट्रॅकवरही उजव्या वळणात बिनधास्त किक देतो, डावं वळण पहिलं आलं की ते सरळ काढतो आणि पुढच्या उजव्याची वाट बघतो. मी त्याला डावीकडून सुरू करायला सांगितलं. लागोपाठ पाच वेळा गाडी गोल फिरली, अंगठे परत दांड्यांत अडकले, पेरं परत पांढरी. पहिल्या दिवशी पटांगणात मी त्याला "उजवीकडे वळ" म्हणालो होतो. त्यानंतरचा प्रत्येक गोल आम्ही उजवीकडेच काढला. का, याला काही कारण नाही. डावीकडचं सगळं आता पुन्हा पहिल्यापासून, हात उघडण्यापासून.